'पुअर थिंग' ते 'पिटी पार्टी' : इंग्रजीतली कीव, परक्याची आणि स्वतःची

अनुस्वार

मराठीत 'बिचारा' म्हटलं की भागतं. पाय मोडला तरी बिचारा, लग्न मोडलं तरी बिचारा, आणि बायको माहेरी गेली म्हणून स्वतः भांडी घासतोय तरी बिचाराच. इंग्रजीत एका शब्दावर निभत नाही. कोणाची कीव, कोणाच्या तोंडावर, केवढ्या दुःखाबद्दल, यावर शब्द तर बदलतोच, वाक्याचा साचाही बदलतो. साचा चुकला की सहानुभूतीचा टोमणा होतो. म्हणून हा धागा. सुरुवात 'पुअर'पासून करतो, बाकीच्यांनी भर घालावी.

'पुअर' नामाच्या आधी आला तर कीव असू शकते. 'इज'च्या नंतर आला तर गोष्ट पैशाची. 'पुअर रमेश' म्हणजे बिचारा रमेश. 'रमेश इज पुअर' म्हणजे रमेशकडे दमडी नाही. 'ही इज सो पुअर, हिज फादर डाइड' असं कोणी म्हटलं तर ऐकणारा समजतो की बाप गेला आणि घर कर्जात बुडालं. 'फॅमिली'सारख्या शब्दाआधी मात्र दोन्ही अर्थ शक्य असतात. 'द पुअर फॅमिली' मधला 'पुअर' कुठला, ते संदर्भावरून ठरवायचं. 'अ पुअर फॅमिली' म्हटलं तर बहुतेक वेळा गरीबच.

'पुअर थिंग' माणसाला चालतं, भिजलेल्या मांजराला चालतं, पाण्यावाचून वाळलेल्या कुंडीतल्या झाडालाही चालतं. बिचारा-बिचारी-बिचारं अशी लिंगाची कटकट नाही. समोरच्यालाच म्हणायचं तर 'यू पुअर थिंग', मध्ये 'आर' नको. 'यू आर पुअर थिंग' हे आपल्याकडे हमखास ऐकू येतं आणि ते चूक आहे. 'पुअर यू' आणखी हलकं: सर्दी, लांबलेली मीटिंग, दातांच्या डॉक्टरकडची फेरी इथपर्यंतच. मृत्यूच्या बातमीवर 'पुअर यू' म्हणजे दहाव्याला जाऊन 'अरे वा, गर्दी झाली की' म्हणण्यासारखं.

'पुअर ओल्ड टॉम' मधल्या 'ओल्ड'चा वयाशी संबंध नाही, टॉम दहा वर्षांचाही असेल. तो 'ओल्ड' आपल्या 'आपला' सारखा आहे: 'आपला टॉम बिचारा'. 'पुअर डेव्हिल' पुरुषांच्या गप्पांत खपतं. 'पुअर सॉड' आणि 'पुअर बगर' मुळात शिवराळ आहेत, ऑफिसच्या मेलमध्ये घालू नयेत.

अनुवादकांसाठी एक: जुन्या लिखाणात 'माय पुअर मदर' आलं तर आई गरीब होती असं लगेच धरू नका. पुष्कळदा ती वारलेली असते.

पमाची_फणी

छान विषय. 'व्हॉट अ शेम' बद्दल कोणी लिहा ना. त्याचं 'काय ही लाज!' असं भाषांतर नेहमी दिसतं.

खडू_आणि_फळा

@पमाची_फणी, 'व्हॉट अ शेम' मध्ये लाज औषधालाही नाही. ती हळहळ आहे. 'इट्स अ शेम यू कुडन्ट कम' = 'तुम्हाला यायला जमलं नाही, चुकचुकल्यासारखं वाटलं'. लाज काढायची असेल तर 'शेम ऑन यू'. दोन्हींतला फरक त्या 'अ' मध्ये आणि 'ऑन' मध्ये आहे. 'अ क्राइंग शेम' म्हणजे जरा जास्त हळहळ, त्यात थोडा संतापही: चांगली जुनी इमारत पाडली, तिथे हे बसतं.

'व्हॉट अ पिटी'चं तसंच. 'पिटी' शब्द आहे, पण कोणाची कीव केलेली नाही. 'पिटी अबाउट द रेन' म्हणजे पावसाने घोळ केला, एवढंच. 'मोअर्स द पिटी' वाक्याच्या शेवटी शेपटासारखं लागतं: 'दुर्दैवाने', 'काय करणार'. आणि 'फॉर पिटीज सेक!' मध्ये तर कीव उरलेलीच नाही, ते आपलं 'अरे देवा, किती वेळा सांगू!'

खरी कीव येते ती 'टेक पिटी ऑन' मध्ये, आणि तीही नुसती वाटून थांबत नाही, पुढे काहीतरी करावं लागतं. चौकीदाराबद्दल 'ही टुक पिटी ऑन अस' म्हटलं की त्याने फाटक उघडलं, असं समजायचं. नुसतं उभं राहून हळहळला असेल तर हा वाक्प्रचार लागत नाही. शब्दयोगी 'ऑन'च, 'टेक पिटी ऑफ हिम' हे 'त्याची दया' मधल्या 'ची'चं शब्दशः रूप आहे.

उंबरठ्यावर

दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रजीत 'शेम' आणखी पुढे गेलाय. तिथे नुसतं 'शेम!' किंवा 'आख शेम!' म्हणजे 'अरेरे, बिचारा', आणि गोंडस बाळ पाहिल्यावरही तेच 'शेम!'. आपल्याकडे लहान बाळाकडे बघून 'गरीब गं बाई' म्हणतात, त्याच्या जवळचं.

आता थोडी व्युत्पत्ती, कारण या शब्दांची घसरण बघण्यासारखी आहे.

'पिटी' लॅटिन 'पिएतास' पासून जुन्या फ्रेंचमार्गे आला. त्याच 'पिएतास'पासून 'पायटी', म्हणजे भक्ती, धर्मनिष्ठा. दोघी सख्ख्या बहिणी. एक देवळात राहिली, दुसरी रस्त्यावर आली. आपली 'कीव' पण अशीच. संस्कृत 'कृपा', प्राकृत 'किवा', मराठी 'कीव'. देवाची होते ती कृपा आणि माणूस करतो ती कीव. 'तुझी कीव येते' हे वाक्य भांडणात येतं, सांत्वनात येत नाही. इंग्रजीत 'आय पिटी यू' चं नेमकं तेच झालंय.

'पिटिफुल'चा प्रवास तर मजेदार. 1611च्या किंग जेम्स बायबलमध्ये याकोबाच्या पत्रात (5:11) प्रभू 'व्हेरी पिटिफुल' आहे असं म्हटलंय, म्हणजे कनवाळू, कीवेने भरलेला. आज कोणाला 'पिटिफुल' म्हटलं तर तो रुसेल. 'पिटिफुल' पगारवाढ म्हणजे तोंडाला पानं पुसल्यासारखी वाढ.

'रेच' हा जुन्या इंग्रजीत 'व्रेक्का', म्हणजे हद्दपार केलेला. देशोधडीला लागलेला म्हणून दीन, आणि दीन म्हणून पुढे नालायक. जर्मनमध्ये तोच शब्द 'रेके' होऊन वीरपुरुष झाला! एकाच हद्दपाराकडे दोन भाषांनी दोन नजरांनी बघितलं. 'सिली' मुळात 'सेलिग', सुखी, देवाचा कृपाप्रसाद लाभलेला. मग भोळा, मग कीव यावी असा, मग मूर्ख. आपल्याकडे 'भोळा' शब्दही त्याच उतारावर उभा आहे, अजून पूर्ण घसरलेला नाही एवढंच.

'सॉरी'चं मूळ 'सॉरो' नव्हे, हे बऱ्याच जणांना नवीन वाटेल. तो 'सोअर'च्या घरातला, म्हणजे ठणकणारा, दुखरा. 'सॉरो'शी आवाजाचं साम्य असल्यामुळे नंतर दोघांची सोयरीक जुळली.

अनुस्वार

वा, @उंबरठ्यावर. 'पिटिफुल', 'पिटिएबल', 'पिटिअस' तिन्हींची गल्लत होते, म्हणून इथेच लिहितो. 'पिटिअस' बहुतेक आवाजाला आणि नजरेला लागतो: पिल्लाचं केविलवाणं ओरडणं. 'पिटिएबल' म्हणजे कीव करण्याजोगा, त्यात तुच्छता असेलच असं नाही. 'पिटिफुल' मध्ये ती बहुधा असतेच. आपल्या वर्तमानपत्री इंग्रजीत रस्त्यांची 'पिटिएबल कंडिशन' असते. ब्रिटिश वाचकाला ते जरा नाटकी वाटतं. तो रस्त्याला 'अपॉलिंग' किंवा 'इन अ सॉरी स्टेट' म्हणेल. हा नामाआधीचा 'सॉरी' म्हणजे माफी नव्हे, दैना.

'पथेटिक' बोलण्यात आता शिवीच आहे. पण समीक्षेत 'पथेटिक फॅलसी' दिसली की थांबा: इंग्रज समीक्षक जॉन रस्किनने 1856 मध्ये ही संज्ञा वापरली तेव्हा 'पथेटिक' म्हणजे भावनेशी संबंधित. ढग रडतात, वारा उसासे टाकतो, असं निसर्गावर माणसाच्या भावना लादणं. 'दयनीय चूक' असं भाषांतर झालं तर तीच दयनीय चूक.

रातकिडा

'देअर, देअर' राहिलं. 'तिथे, तिथे' नव्हे, 'उगी उगी'. :)

खडू_आणि_फळा

आता सगळ्यात जास्त चुका होतात ती जागा: 'सॉरी' आणि त्याच्या मागचा शब्द.

'सॉरी फॉर' + माणूस = त्याची कीव. 'सॉरी फॉर' + '-इंग' = माफी. 'सॉरी अबाउट' + गोष्ट = दोन्ही होऊ शकतं. 'सॉरी टू हिअर' = वाईट बातमी ऐकल्यावरचं. आता खाचखळगा. 'आय फील सॉरी फॉर हर' हे ती तिथे नसताना ठीक. तिच्या तोंडावर 'आय फील सॉरी फॉर यू' म्हटलं की बहुतेक वेळा 'तुझी कीव येते' असा वास येतो. 'आय ॲम सॉरी फॉर यू' तर अधिकच कोरडं. मग तोंडावर काय म्हणायचं? माणसाला सोडून घटनेला धरायचं: 'आय ॲम सो सॉरी धिस हॅपन्ड', 'दॅट मस्ट बी हार्ड', 'दॅट्स रॉटन लक'. 'फॉर'च्या पुढे माणूस येऊ द्यायचा नाही. शोकसंदेशात 'सॉरी फॉर युअर लॉस' चालतं ते याचमुळे, 'फॉर'च्या पुढे माणूस नाही, नुकसान आहे.

दुसरा खड्डा 'फील बॅड'. मराठीत 'मला वाईट वाटलं' तीन ठिकाणी वापरतो. दुसऱ्याचं दुःख बघून वाईट वाटलं, आपल्याकडून चूक झाली म्हणून वाईट वाटलं, आणि समोरचा टोचून बोलला म्हणून वाईट वाटलं. इंग्रजीत पहिल्याला 'फेल्ट बॅड फॉर हर', दुसऱ्याला 'फेल्ट बॅड अबाउट इट'. तिसऱ्याला 'फेल्ट बॅड' चालतच नाही! 'व्हेन यू सेड दॅट, आय फेल्ट बॅड' असं लिहिलं तर ब्रिटिश किंवा अमेरिकन सहकाऱ्याला वाटतं की याला अपराधी वाटतंय. तक्रार पोचतच नाही. तिथे 'आय वॉज हर्ट' किंवा 'दॅट हर्ट' म्हणायचं.

पमाची_फणी

बाप रे, हे 'फेल्ट बॅड'चं तर रोज होत असेल. आणि 'कंडोलन्सेस' परीक्षेत नापास झालेल्याला चालतं का?

खडू_आणि_फळा

नाही. मृत्यूलाच ठेवा. थट्टेत म्हणतात, पण ती थट्टाच. हरलेल्या संघाला, पडलेल्या उमेदवाराला 'कमिझरेशन्स', तेही ब्रिटनमध्ये जास्त: विजेत्याला 'काँग्रॅच्युलेशन्स' आणि त्याच दमात दुसऱ्याला 'कमिझरेशन्स'. क्रियापद वापरलं तर 'कमिझरेट विथ'. मैदानावर 'हार्ड लक', 'बॅड लक', आणि ब्रिटनमध्ये नुसतं 'अनलकी!'. 'हार्ड लाइन्स' आता आजोबांच्या तोंडी. 'हार्ड चीज' मध्ये चीजही नाही आणि माया तर नाहीच, ते 'बस बोंबलत' आहे. 'टफ' आणि 'टफ लक' पण त्याच गावचे. 'टू बॅड' दोन्हीकडचं: सावकाश, आवाज खाली नेत म्हटलं तर हळहळ, तोडून म्हटलं तर 'मग मी काय करू?'. लेखी मेसेजमध्ये आवाज नसतो, म्हणून लेखी 'टू बॅड' टाळा.

कोकणकडा_यूके

ब्रिटनमध्ये 'ब्लेस' चा उल्लेख हवाच. 'ब्लेस हिम', 'आह, ब्लेस'. आजोबांनी मोबाइल उलटा धरला, मुलाने चित्रात घोड्याला पाच पाय काढले, तिथे हे येतं. कौतुक आणि कीव निम्मी-निम्मी. बरोबरीच्या प्रौढ माणसाला म्हटलं तर तो दुखावतो, कारण त्याला आपण लहान मूल ठरवलेलं असतं. अमेरिकेच्या दक्षिण भागात 'ब्लेस हर हार्ट' नीट ऐकावं लागतं. खरी माया असू शकते. पण 'शी कान्ट कुक, ब्लेस हर हार्ट' अशा वाक्यात ती साखरेत घोळलेली सुरी असते. परदेशी माणसाने स्वतः वापरू नये, ऐकून ओळखावं.

आयर्लंडमध्ये 'गॉड लव्ह हिम' आणि 'द पुअर क्रीचर', उच्चार 'क्रेटर'च्या अंगाने जातो. सिंगापूरच्या बोलीत 'पुअर थिंग' हे चक्क विशेषण आहे, 'सो पुअर थिंग' म्हणतात. चिनी भाषेतल्या 'बिचारा' अर्थाच्या विशेषणाची सावली. म्हणजे @अनुस्वार यांनी चूक ठरवलेलं 'यू आर पुअर थिंग' तिथल्या कोपीच्या (म्हणजे कॉफीच्या) दुकानात खपूनही जाईल!

आणि तोंडाने काढायचा आवाज. आपण दुःख ऐकून जीभ टाळ्याला लावून 'च्च च्च' करतो. इंग्रजी बोलणाऱ्यांकडे तो आवाज मुख्यतः नापसंतीचा, 'टट-टट'. कोणी आजारपण सांगत असताना आपण च्च च्च केलं, तर 'एवढी काळजी घेता येत नाही का' असं त्याला ऐकू जाऊ शकतं. फोनवर तर जास्तच. 'ओह नो' किंवा लांबवलेलं 'ओह' पुरेसं आहे.

अर्धा_कप

स्वतःच्या कीवेवर अजून कोणी आलं नाही, ती मी घेते. माझ्या मते इथे मराठी आणि इंग्रजी सगळ्यात लांब आहेत.

मराठीत 'माझं मेलीचं नशीबच फुटकं', 'कर्म माझं', 'भोग आहेत, भोगतेय' हे उघडपणे, पूर्ण गांभीर्याने म्हणता येतं आणि ऐकणारा मान डोलावतो. इंग्रजीत प्रथमपुरुषी स्वकीव जवळजवळ थट्टेतच चालते. 'पुअर मी' सरळ तोंडाने म्हटलं तर माणूस बालिश दिसतो. म्हणताना किंचित हसावं लागतं. 'जस्ट माय लक' म्हणजे छत्री विसरली त्याच दिवशी पाऊस. शब्द 'माझं नशीब', पण मतलब 'माझं फुटकं नशीब'. 'स्टोरी ऑफ माय लाइफ' म्हणजे 'हे माझं नेहमीचंच'. 'व्हाय मी?' अजून खऱ्या दुःखात ऐकू येतं. अमेरिकन 'आय कान्ट कॅच अ ब्रेक' मधला 'ब्रेक' म्हणजे सुट्टी नव्हे, नशिबाची उघडीप. इंग्लंडमध्ये उलटी तऱ्हा: 'मस्टन्ट ग्रंबल', तक्रार करू नये, असं म्हणतच तक्रार आहे हे कळवायचं. आणि 'डोन्ट माइंड मी', म्हणजे 'माझं काय, मी आहेच', हे उसाशासकट आपल्या घरातल्यासारखंच.

'वो इज मी' आता फक्त नाटकी विनोदात. व्याकरण मात्र बघण्यासारखं: 'आय' का नाही, इंग्रजी 'मी' (म्हणजे 'मला') का? कारण तो जुन्या इंग्रजीतला चतुर्थीचा अवशेष आहे, 'दुःख मला आहे'. आपल्या 'मला वाईट वाटतं' चीच रचना. किंग जेम्स बायबलात यशया (6:5) पूर्ण गांभीर्याने असं म्हणतो. आज ऑफिसातला प्रिंटर बिघडल्यावर म्हणतात.

बाकीचे सगळे वाक्प्रचार दुसऱ्यावर ठेवलेले आरोप आहेत. 'फीलिंग सॉरी फॉर हिमसेल्फ' म्हणजे तोंड पाडून बसलाय. आजारी मुलाला म्हटलं तर मायेचं, नवऱ्याला म्हटलं तर वैतागाचं. 'वॉलो इन सेल्फ-पिटी' मधला 'वॉलो' म्हणजे म्हैस डबक्यात डुंबते ते. कीवेत लोळण्याचं सुख असतं, म्हैस बाहेर यायला तयार नसते, हे त्या एका क्रियापदात आहे. 'दुःखात बुडणे' असं भाषांतर केलं की सुख गळून जातं. 'पिटी पार्टी' अमेरिकन, आणि तिथे पाहुणा एकच. 'सॉब स्टोरी' म्हणजे रडगाणं, पण त्यात पैसे किंवा सवलत मागण्याचा हेतू धरलेला असतो. नुसतं लांबलचक गाऱ्हाणं असेल तर 'टेल ऑफ वो', बहुधा मिस्कीलपणे. 'प्ले द मार्टर' म्हणजे कोणी न सांगता राबायचं आणि मग ते सर्वांना दिसेल असं करायचं.

रातकिडा

आणि रडगाणं ऐकून कंटाळलेल्याची हत्यारं. 'माय हार्ट ब्लीड्स फॉर यू', 'माझं काळीज तुटतं' नव्हे, आजकाल बहुधा उपरोधच. 'बू हू'. 'जॉइन द क्लब', म्हणजे तू एकटा नाहीस. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून 'जगातलं सगळ्यात छोटं व्हायोलिन' वाजवतात. सिनेमात करुण प्रसंगी व्हायोलिन वाजतं, तुझ्या दुःखाला एवढंसं पुरे. व्हिडिओ कॉलवर साहेबाने अशी बोटं घासली तर तो पैशांची खूण करत नाहीये.

'टेल मी अबाउट इट' मात्र उपरोध नव्हे आणि विनंतीही नव्हे. 'मला काय सांगतोस, मीही त्यातूनच जातोय'. यावर सविस्तर सांगायला बसू नका.

उंबरठ्यावर

@अर्धा_कप, 'वॉलो'ला '+१'. मराठीत 'कुरवाळणे' जवळचा: दुःख कुरवाळत बसणे. म्हैस जाते, पण सुख टिकतं.

'एम्पथी'चा उल्लेख राहून जाऊ नये. शब्द दिसतो ग्रीक, पण मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टिचेनर यांनी 1909 मध्ये जर्मन 'आइनफ्यूलुंग' (दुसऱ्याच्या भावनेत शिरणं) साठी घडवलेला. 'सिम्पथी', म्हणजे सहानुभूती, कितीतरी जुना. कार्यशाळांमधून 'सिम्पथी वाईट, एम्पथी चांगली' असं शिकवतात, पण 'विथ डीपेस्ट सिम्पथी' हे शोकपत्रात आजही अगदी योग्य आहे. तिथे 'एम्पथी' घालून सुधारणा करू नये.

पमाची_फणी

शेवटचा प्रश्न. परदेशी सहकाऱ्याचे वडील गेले. मेल काय लिहायचा? आणि उलट, आपल्या घरी कोणी गेलं आणि ते 'आय ॲम सॉरी' म्हणाले तर?

खडू_आणि_फळा

तीन-चार ओळी, जास्त नको. पहिली: 'आय वॉज सो सॉरी टू हिअर अबाउट युअर फादर'. 'एक्सपायर्ड' लिहू नका, बाहेर ते दुधाच्या पिशवीला आणि पासपोर्टला लागतं. 'डाइड' किंवा 'पास्ड अवे'. दुसरी: वडिलांना ओळखत असाल तर त्यांच्याबद्दल एक खरी गोष्ट, नसाल तर ही ओळ गाळा. तिसरी: ठोस मदत. 'लेट मी नो इफ यू नीड एनीथिंग' पेक्षा 'गुरुवारचा रिपोर्ट मी करतो' हे बरं. 'ॲट लीस्ट' ने सुरू होणारं एकही वाक्य नको ('निदान त्रास तरी झाला नाही'). 'आय नो हाउ यू फील' नको. 'पुअर', 'पिटी', 'शेम' तिन्ही नकोत. मृत व्यक्तीच्या धर्माची माहिती नसेल तर आत्म्याच्या शांतीची प्रार्थनाही नको.

उलट बाजूने: 'आय ॲम सॉरी' ला उत्तर 'थँक यू'. 'इट्स ओके', 'नो प्रॉब्लेम', 'व्हाय आर यू सॉरी?' यातलं काही नाही; ते माफी मागत नाहीयेत.

पमाची_फणी

'थँक यू'. (हे उत्तर बरोबर आलं ना?)